घोरपड नाही, माणसंच चढली: तानाजी मालुसरे आणि कोंढाण्याचा काळा कडा

जामसांवली (जि. पांढुर्णा): शनिवार-मंगळवार आला की इथल्या निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला नागपूर, काटोल, वरुड, मुलताई, छिंदवाडा अशी चहूकडून माणसं येतात. निम्मी मराठी बोलतात, निम्मी हिंदी, आणि बरीचशी दोन्ही एकाच वाक्यात. मारुती म्हटलं की वानरं आली, आणि वानरं म्हटलं की सरळसोट कडा हातापायांनी चढून जाणं आलं. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली, 1697 च्या सुमारास, दूर दक्षिणेत जिंजीला. त्यात कोंढाण्याचा कडा चढणाऱ्या मावळ्यांसाठी त्याला उपमा सुचली ती वानरांचीच. घोरपडीचं नावसुद्धा त्याने काढलेलं नाही.

ही गोष्ट पुन्हा सांगायला कारण आहे. महाराष्ट्रात चौथीच्या पुस्तकात तानाजी मालुसरे भेटतात. सौंसर-पांढुर्ण्याकडे हिंदी माध्यमात शिकणाऱ्या पोरांना ते पुस्तक मिळत नाही. 1956 ला राज्यांच्या रेषा आखल्या गेल्या, त्यात भाषा इकडे राहिली आणि पुस्तक तिकडे गेलं. मग तानाजी कळतात ते पोवाड्यातून, कीर्तनातून आणि आता सिनेमातून. तिथे घोरपड असते, दोर तुटतो, तलवारी खणाणतात. पण खरं अवघड काम त्या आधीचं, रात्रीच्या अंधारात कडा चढण्याचं, ते दोन मिनिटांत उरकलं जातं.

आधी तो डोंगर कशाचा आहे ते बघू. कोंढाणा म्हणजेच सिंहगड, पुण्याच्या नैर्ऋत्येला, समुद्रसपाटीपासून साधारण 1300 मीटर उंच. तो पेटता ज्वालामुखी कधीच नव्हता, जपानच्या फुजीसारखा शंकूही नाही. पण त्याचा दगडन् दगड ज्वालामुखीचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. तोच थर पसरत पसरत सातपुड्यापर्यंत आला. पांढुर्ण्याकडे विहीर खणताना जो काळा कातळ लागतो आणि सुरुंग लावल्याशिवाय हलत नाही, तो सिंहगडाच्या कातळाचा भाऊच. कपाशीची आणि संत्र्याची काळी जमीन त्याच्याच झिजण्यातून झाली. सौंसरच्या पूर्वेला गेलं की गोष्ट बदलते, तिथे मॅंगनीजवाले कितीतरी जुने खडक वर येतात. त्या खडकांच्या गटाला भूगर्भशास्त्रात सौंसरचंच नाव आहे.

तर हा थरांचा डोंगर. कठीण थर असेल तिथे उभा कडा, मऊ थर असेल तिथे तो झिजून अरुंद पट्टी. सह्याद्रीचे किल्ले लांबून बघितले की डोक्यावर काळी पगडी बांधल्यासारखे दिसतात, ती पगडी म्हणजे वरचा कठीण थर. कड्यावर जागोजागी उभ्या चिरा असतात, त्यात बोटं रुततात. पण काही ठिकाणी अख्खा तुकडा सुटून हातात येतो. माघात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, कातळ कोरडा असतो, शेवाळ नसतं. गवत मात्र वाळलेलं, आणि त्याला धरलं की मुळासकट निघतं. आजचे चढाईवाले दोर, मेखा, डोक्यावर टोप घेऊन असल्या भिंतीला भिडतात, तेही दिवसा.

तानाजी मालुसरे अशाच मुलुखातले. त्यांचं गाव उमरठ, आजच्या रायगड जिल्ह्यात पोलादपूरजवळ. जन्म सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळच्या गोडवलीचा, असं परंपरा सांगते. दोन्ही गावं जावळीच्या आसपासची: वर महाबळेश्वरचं पठार, खाली कोकण, मधे घाट, जंगल आणि कडे. इथल्या माणसाला वर-खाली करणं म्हणजे रोजचं. गुरं कड्याच्या पट्टीवर चरायला जातात, त्यांच्यामागे पोरं जातात. मधाची पोळी असतात ती कड्यालाच. 1656 ला महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली, तेव्हापासून हा सगळा भाग स्वराज्यात आला आणि त्या कडेकपारीतली माणसं फौजेत.

तानाजींच्या लहानपणाबद्दल खात्रीचं फार थोडं सांगता येतं. महाराजांचे ते बालमित्र होते हे सगळीकडे सांगितलं जातं. पण 1661 मध्ये ते थेट कागदावर येतात, आणि येतात ते असे की वाचणारा दचकतो.

त्या वर्षी महाराज दक्षिण कोकणात उतरले. संगमेश्वराला थोडी फौज ठेवून ते पुढे राजापूरकडे गेले. मागे ठेवलेल्यांत तानाजी मालुसरे होते आणि पिलाजी नीळकंठ म्हणून दुसरे सरदार होते. शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यांनी रात्रीच्या अंधारात त्यांच्यावर छापा घातला. कवींद्र परमानंदाने आपल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात ही रात्र सांगितली आहे. गर्दीत पिलाजींचा धीर सुटला आणि ते पळू लागले. तानाजींनी त्यांना धरलं, परत आणलं, आणि एका दगडाला दोराने बांधून टाकलं. मग त्यांच्या डोळ्यांदेखत लढाई चालू ठेवली. छापा उलटला, सुर्व्यांची माणसं मागे हटली. एप्रिल संपायच्या आत महाराजांनी शृंगारपूरही घेतलं.

आता पिलाजी काही नोकर नव्हते, बरोबरीचे सरदार होते. त्यांना दोरीने बांधायचं म्हणजे तापट माणसाचंच काम. पण रात्र, अचानक हल्ला, मोजकी माणसं आणि पळायला लागलेला एक जण, यातून सगळी तुकडी कशी फुटते हे त्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांनी कोंढाण्यावर तेच सगळं परत जुळून आलं, फक्त त्या वेळी दोर दुसऱ्या कामाला लागला.

मधल्या काळात स्वराज्याची चांगलीच ओढाताण झाली. 1665 च्या जूनमध्ये मिर्झाराजे जयसिंगाशी पुरंदरचा तह झाला. 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, महाराजांकडे 12 राहिले. दिलेल्यांत कोंढाणा होता. 1666 ला आग्र्याची कैद आणि सुटका. नंतर दोन-तीन वर्षं वरवर शांतता. 1670 उजाडताच महाराजांनी ती मोडली आणि पहिला हात घातला तो कोंढाण्याला.

पहिला हात तिथेच का, हे किल्ल्याच्या मागच्या हिशेबावरून कळतं. 1328 मध्ये दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाने याला वेढा घातला होता. नागनायक नावाचा कोळी सरदार आत होता. सुलतानाची फौज कित्येक महिने खाली बसून राहिली आणि किल्ला मिळाला तो आतला दाणागोटा संपल्यावर. महाराजांनी पहिल्यांदा तो 1647 च्या सुमारास घेतला, तो लढून नाही, आतल्या माणसाला वळवून. 1649 ला वडील शहाजीराजांच्या सुटकेसाठी तो सोडून द्यावा लागला, मग परत मिळवला. 1663-64 मध्ये जोधपूरचे जसवंतसिंग मोगलांकडून महिनोन्महिने वेढा घालून बसले, काही न मिळता उठून गेले. म्हणजे उपासमार, फितुरी किंवा तह, कोंढाणा हातातून गेला तो असाच. कड्यावरून चढून कोणी घेतल्याची नोंद त्याच्या आधी सापडत नाही. वर राजगड समोरच, सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर. राजगड ही राजधानी. सकाळी उठून समोर बघायचं तर मोगलांचं निशाण दिसायचं, असा तो प्रकार.

किल्ल्यावर उदेभान नावाचा राजपूत किल्लेदार होता. दारं बंद, वाटांवर पहारे. कड्यांकडे मात्र पहारा ढिला असणार, कारण तिकडून माणूस येईल असं कोणाच्या डोक्यात येत नाही. इथे एक गोष्ट सहज निसटते. पुरंदरच्या तहाआधी बरीच वर्षं हा किल्ला स्वराज्यातच होता. मावळ्यांनी इथे पहारे केले होते, पाणी वाहिलं होतं, तटावरून खाली वाकून बघितलं होतं. कुठली चीर कुठवर जाते, कुठल्या पट्टीवर माणूस उभा राहू शकतो, हे उदेभानाच्या राजपुतांपेक्षा त्यांना जास्त माहीत असणारच. घर आपलं आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी गत.

सभासद सांगतो त्याप्रमाणे मावळ्यांच्या हजाराचे सरदार तानाजी मालुसरे 500 माणसं घेऊन गडाखाली आले. रात्र माघ वद्य नवमीची, इंग्रजी तारीख 4 फेब्रुवारी 1670. नवमीच्या अंधाऱ्या पक्षात चंद्र उगवतो तो मध्यरात्रीनंतर. तोवर काळोख, आणि नंतर वर पोहोचल्यावर वाट दिसेल एवढा उजेड. ती तिथी मुद्दाम धरली होती की योगायोगाने आली, कोण जाणे. पण डोंगरात रात्री फिरणाऱ्याला यापेक्षा सोयीची रात्र मागूनही मिळाली नसती.

पाचशेतून दोन मावळे निवडले. चांगले मर्दाने, चढण्यात तयार. ते दोघे आधी गेले. त्यांच्याजवळ वरून सोडलेला दोर नव्हता, खाली धरायला कोणी नव्हतं. सोळा-सतरा मजली इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला अंधारात चिकटून वर सरकायचं, आणि तेही आवाज न करता, कारण एक दगड सुटून खाली गडगडला तर पहारा जागा होणार. पाय बहुधा अनवाणी, कारण कातळावर उघडी बोटं धरतात तशी चामडी वहाण धरत नाही. ते वर पोहोचले, आणि तिथून त्यांनी माळ लावली. माळ म्हणजे दोराची शिडी. परंपरेने ही जागा गडाच्या पश्चिम अंगाचा दोणागिरीचा कडा म्हणून दाखवतात, आज त्याला तानाजी कडाही म्हणतात.

मग माळेवरून बाकीचे. 300 माणसं वर गेली आणि त्यात स्वतः तानाजी होते. इथे थोडा हिशेब करून बघावा. एका माणसाला अर्धा मिनिट धरला, म्हणजे फारच कमी धरला, तरी 300 माणसं वर यायला अडीच तास लागतात. अडीच तास वरच्या माणसांनी कड्याच्या काठावर दबून राहायचं, खालच्यांनी आपली पाळी येईपर्यंत गप्प उभं राहायचं. खोकला नाही, शिंक नाही, ढाल कातळावर घासली तरी संपलं. सिनेमात हे दाखवत नाहीत कारण यात दाखवण्यासारखं काही नाही. पण तीनशे माणसांना अडीच तास गप्प ठेवणं हे सरदाराचं काम, आणि संगमेश्वरला पिलाजींना बांधणारा सरदार कसा असेल याचा अंदाज त्या माणसांना होताच.

सरदार असूनही तो खाली थांबून हुकूम देत बसला नाही, हेही इथेच बघायचं. हजाराचा सरदार माळेवरून चढला तो तीनशेतला एक होऊन. हातात तलवार धरून माळ चढता येत नाही. वर पोहोचेपर्यंत तो इतरांसारखाच रिकाम्या हातांचा.

वर गेल्यावर गडाला जाग आली. राजपूत शस्त्रं घेऊन धावले. मशाली, गोंधळ, आणि प्रहरभर, म्हणजे सुमारे तीन तास, हातघाई. तानाजी आणि उदेभान समोरासमोर आले. तानाजींची ढाल तुटली आणि दुसरी मिळेना. त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली, वार हातावर झेलले आणि उजव्या हाताने वार करत राहिले. दोघेही एकमेकांच्या वारांनी पडले, दोघेही मेले. उदेभानालाही कमी लेखायचं कारण नाही. रात्री झोपेतून उठून तो पळाला नाही, आपल्या धन्याचा किल्ला धरून जागेवर मेला.

सरदार पडला की फौज फुटते, हे त्या काळचं नेहमीचं गणित. इथे तानाजींचे भाऊ सूर्याजी पुढे झाले. त्यांनी माणसं सावरली आणि उरलेली लढाई मारून नेली. सूर्याजींनी दोर कापून टाकले आणि परतीची वाटच तोडली, ही आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. सभासद एवढंच सांगतो की त्यांनी हिंमत धरली. किती तरी राजपूत अंधारात कडा उतरायला गेले आणि पडून मेले. ज्या कातळावरून तीनशे मावळे वर आले, त्याच कातळावरून खाली उतरणं राजपुतांना जमलं नाही. शूर तेही होते, पण डोंगर त्यांचा नव्हता.

किल्ला हाती आल्यावर पागेच्या छपरांना आग लावली. ती राजगडावरून दिसली आणि महाराजांना गड आल्याचं कळलं. तानाजी गेल्याचं मागून कळलं. बातमी आली तेव्हा महाराजांना किती लागलं ते सभासदाने लिहिलंय, आणि त्या दुःखातूनच पुढे मराठीत म्हण झाली. तानाजींच्या जागी सूर्याजींना नेमलं, लढलेल्या मावळ्यांना बक्षिसं दिली. तानाजींचं पार्थिव मढे घाटाने खाली कोकणात उमरठला नेलं असं त्या भागात सांगतात, घाटाचं नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. उमरठला त्यांची समाधी आहे, सिंहगडावरही स्मारक आहे.

मग घोरपड कुठून आली? ती आली शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. रायबाचं लग्न, सोंगट्यांचा डाव, जिजाऊंनी मागितलेला कोंढाणा, ऐंशी वर्षांचे शेलारमामा आणि यशवंती नावाची घोरपड, हे सगळं त्या पोवाड्यातलं. घोरपड दोनदा मागे फिरते, तानाजी तिला दम देतात, मग ती वर जाऊन रुतते. पोवाडा ऐकायला जबरदस्त, त्यात वाद नाही. हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 1891 ला जुने पोवाडे गोळा करून छापले, त्यात हाही आला, आणि छापल्यावर तो गावोगाव पोचला. पुढे हरि नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी आली, 1923 ला बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' हा मूकपट आला, 1933 ला व्ही. शांतारामांचा बोलपट, आणि 2020 चा हिंदी सिनेमा तर पांढुर्ण्यातल्या पोरांनीही पाहिलाय.

घोरपडीची कथा मुळात तानाजींचीही नाही. घोरपडे घराण्याचं नाव कसं पडलं ते सांगतानाही हीच कथा सांगतात, आणि ती बहामनी काळातली, म्हणजे दोनशे वर्षं आधीची. घोरपड कपारीत अंग फुगवून घट्ट बसते, हे खरं. पण ती कुठे बसेल, कधी सुटेल, हे तिच्या मनावर. धारकरी माणसाचं वजन तिच्यावर टाकून तीनशे माणसं चढवायची म्हणजे सरदाराने माणसं जुगारावर लावायची. ज्याने संगमेश्वरची रात्र काढली तो माणूस असा जुगार खेळेल, हे पटत नाही. आणि यात तोटा कोणाचा झाला बघा. जे दोघे बोटांनी कातळ धरून आधी वर गेले, त्यांचं काम एका जनावराच्या नावावर गेलं. घोरपडीला यशवंती नाव आहे. त्या दोघांना नाव नाही.

सिंहगड हे नाव तानाजींच्या मरणावरून पडलं असंही सांगतात. पण महाराजांच्या 1663 च्या पत्रात सिंहगड हे नाव आलेलं आहे, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधीच ते चालू होतं.

कोंढाण्यानंतर लगेच, मार्चमध्ये, पुरंदर आला. काही महिन्यांत तहात गेलेले बहुतेक किल्ले परत आले. 1673 च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदांनी निवडक 60 माणसांनिशी रात्री पन्हाळा घेतला, तोही कडा चढूनच. म्हणजे कोंढाण्याची रात्र एकदाच घडलेला चमत्कार नव्हता. ती विद्या होती, शिकलेली आणि शिकवता येणारी. निवडक दोघं-चौघं पुढे, मग माळ, मग बाकीचे.

सिंहगड पुढे पुन्हा मोगलांकडे गेला, औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरल्यावर. 1693 मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला, आणि घेतला तो पुन्हा कड्याला माळ लावूनच. या वेळी माघाचा कोरडा कातळ नव्हता. जुलै महिना, ऐन पावसाळा, कडा शेवाळलेला आणि वरून पाण्याच्या धारा. ज्यांनी तो घेतला त्यांची नावं मात्र या खेपेला कागदावर राहिली: नावजी बलकवडे आणि विठोजी कारके.